टिपण आणि त्याचा ठावठिकाणा

धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव वसलेलें आहे. गोरोबाकाकांचें गांव म्हणून वारकऱ्यांस तें ठाऊक आहे. आणि विटांच्या प्राचीन चैत्यगृहाचें पुढें त्रिविक्रमाचें देऊळ झालेलें तेथें पाहावयास मिळतें, म्हणून पुराणवस्तूंच्या अभ्यासकांसही त्याचें अगत्य वाटतें. या गांवाचा जो जुन्यांत जुना परदेशी उल्लेख उपलब्ध आहे, तो मात्र कोणा कवीनें अथवा राजाच्या भाटानें केलेला नसून एका व्यापाऱ्याच्या टिपणांतील आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्त देशांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबडा समुद्र, अरबस्तान आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा येथील व्यापाराचीं टिपणें करून ठेविलीं. "एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस" या नांवानें तीं आज ओळखलीं जातात. लिहिणाराचें नांव त्यांत नाहीं. कोणत्या बंदरीं कोणता माल खपतो, कोणता मिळतो, किनारा सोडावा कोणत्या महिन्यांत, भडोचच्या खाडींत भरतीचें पाणी किती वेगानें चढतें, अशा रोजच्या कामाच्या गोष्टी त्यानें साध्या, कांहींशा ओबडधोबड ग्रीक भाषेंत लिहिल्या. त्यांतच तो सांगतो कीं, भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात आणि तगरहून जाडेंभरडें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर माल गाड्यांवर लादून अवघड रस्त्यांनीं भडोचेस नेतात. तेरविषयीं एवढ्याच दोनचार ओळी आहेत; पण त्या लिहितांना त्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर त्याचा धंदा होता, आणि धंद्याच्या शेजारींच टिपण होतें.

टिपण कोठें ठेवावें, आणि पुढें तें कोणत्या खुणेनें हुडकून काढावें, हे दोन प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत सुटले आहेत असें म्हणवत नाहीं. गेल्या पन्नास वर्षांत संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्या मंडळींनीं या प्रश्नांवर पुष्कळ खटपट केली. आपण ज्या साधनांत आज्ञा लिहितों त्याच साधनाला टिपणवहीची पुरवणी जोडावयाची, ही त्यांची युक्ति होय. तिचा इतिहास मनोरंजक आहे. मराठी घरांच्या दृष्टीनें तर तो थोडा काळजी उत्पन्न करणाराही आहे. परंतु तिकडे वळण्यापूर्वीं तगरची गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली तींत आहे.

तगर हें नांव पुढें लोकांच्या बोलण्यांतून गेलें. शिलाहार राजे आपणांस "तगरपुरवराधीश्वर" म्हणवीत राहिले, म्हणजे शिलालेखांतून व ताम्रपटांतून नांव टिकलें. पण तें नगर कोणतें, हें कोणास सांगतां येईना. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं नकाशे पुढें घेऊन शोध मांडला. विल्फर्ड यांनीं देवगिरी म्हणजेच तगर असें सांगितलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस जुन्नर योग्य वाटलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूरकडे बोट दाखविलें. या शोधकांची विद्वत्ता कमी होती असें कोण म्हणेल? अडचण टिपणांतच होती. त्यांत नांव होतें, पण तें नांव लावणारें गांव नाहींसें झालेलें. दिशा होती, पण ती ढोबळ, कारण तेर पैठणच्या नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. अंतर तेवढें बरोबर होतें. १९०१ सालीं जॉन फेथफुल फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेर असें प्रतिपादन केलें. पैठणहून तेर सुमारें दीडशें किलोमीटर, म्हणजे बैलगाडीचे दहा दिवस. आणि "तगर" शब्दांतील मधलें अक्षर झिजून "तेर" होणें आपल्या भाषांच्या वळणास धरूनच आहे. पुढें तेरच्या टेकाडांतून जें जें निघालें त्यानें फ्लीट यांच्या मताला पुष्टिच मिळाली. १९५८ सालीं चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें, आणि गांवांतील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर वेंचून जमविलेल्या वस्तूंचें आतां शासकीय संग्रहालय झालें आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहून इटलींत पाँपेई येथें सांपडलेल्या तशाच मूर्तीची अभ्यासकांस आठवण होते.

नांवाच्या भरंवशावर टिपण ठेवण्यांत काय धोका आहे याचीं उदाहरणें या जिल्ह्यांत पावलोपावलीं मिळतात. १८५३ च्या तहानें निजामाचा जो मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं गेला, त्यांत हा प्रदेश होता. इंग्रजी कागदांत त्याचें नांव "धारासेव" असें पडलें. जेम्स बर्जेस यांनीं येथील लेण्यांचा वृत्तांत १८७८ सालीं छापला, त्यांत "धारासिन्व" असें रूप येतें. १८६० सालीं मुलूख निजामाकडे परत गेला. विसाव्या शतकांत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून गांव उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं सरकारी कागदोपत्रीं पुनः धाराशिव. या एकाच गांवाविषयीं शंभर टिपणें कोणी जमविलीं आणि तीं नांवावार लाविलीं, तर तीं निदान चार गठ्ठ्यांत विभागलीं जातील व एका गठ्ठ्यास दुसऱ्याची वार्ताही लागणार नाहीं.

नळदुर्गचेंही तेंच. १८५३ पासून १८५७ पर्यंत कर्नल मेडोज टेलर हा तेथें जिल्ह्याचा कारभार पाहात होता. "एका ठगाची जबानी" या अर्थाच्या नांवाची त्याची कादंबरी १८३९ सालींच गाजलेली होती. महसूल, न्यायदान, रस्ते यांच्या व्यापांत नळदुर्ग-तुळजापूरच्या मुलखांत त्यानें जें पाहिलें व ऐकलें, त्यांतून १८६३ सालीं प्रसिद्ध झालेली "तारा" ही कादंबरी उभी राहिली. तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मणकन्या असून कथानकांत शिवाजी महाराज व अफझलखान आहेत. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं छापलेल्या आत्मचरित्रांतही नळदुर्गचे दिवस विस्तारानें आले आहेत. पण त्या पुस्तकांत "नळदुर्ग" असा शब्द आजच्या इंग्रजी वळणानें शोधूं गेल्यास मिळत नाहीं. टेलरसाहेबांनीं तो "नलद्रूग" असा कांहींतरी उच्चार होईल अशा रीतीनें लिहिला आहे. माणूस वाचतांना हसून पुढें जातो. यंत्र तेथेंच अडतें.

आपल्या जुन्या दप्तरांस या अडचणींची जाण होती. कागदावर लिहितांना समास सोडीत, तो नुसता शोभेसाठीं नव्हे; हुकूम, शेरा, दुरुस्ती हीं मूळ मजकुराच्या अंगालाच यावींत म्हणून. लांब कागद जोडून पत्र केलें तर जोडावर शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा कोणास बदलतां येऊं नये. पत्र संपलें कीं मोर्तब होई. शिवकालीन पत्रांवरील "मर्यादेयं विराजते" या मुद्रेचा अर्थच असा कीं मजकूर येथें संपला, यापुढें कोणी घुसडूं नये. कागदांचे गठ्ठे रुमालांत बांधीत. रुमालांत काय आहे हें ज्याला ठाऊक तो कारकून हयात आहे तोंवर कारभार सुरळीत चाले. तो गेला, कीं रुमाल मुका.

आतां संगणकाकडे. संगणकास द्यावयाच्या आज्ञा साध्या अक्षरांत लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिण्याच्या साधनास कोड एडिटर म्हणतात. सुताराला जसें बाक तसें आज्ञा लिहिणाऱ्याला हें साधन. दिवसाचे आठ-दहा तास त्याचे तेथेंच जातात. काम करतांना शेकडों गोष्टी सुचतात: ही आज्ञा अशी कां लिहिली, उद्यां काय करावयाचें, कोणी काय सांगितलें. पूर्वीं या गोष्टी चिठोऱ्यांवर जात आणि चिठोरे केरांत जात. कांहीं टिपा आज्ञांच्याच ओळींत विशिष्ट खूण करून लिहीत, म्हणजे यंत्र त्या वगळून पुढें जाई. हा समासांतला शेराच झाला. १९८४ सालीं डोनाल्ड नूथ या अमेरिकन गणितज्ञानें त्याच्याही पुढें जाऊन असें मांडलें कीं, आज्ञावलि ही मुळीं माणसानें वाचण्यासाठीं निबंधासारखी लिहावी व यंत्रापुरता भाग त्यांतून काढून घ्यावा. विचार मोठा होता; परंतु रोजच्या घाईंत निबंध लिहिण्याइतकी सवड कोणास?

सवड नसलेल्या माणसाच्या उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट, आणि ती एका खगोलशास्त्रज्ञाच्या हातून घडली. १९७६ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत "ईमॅक्स" नांवाचें लेखनसाधन तयार झालें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ पासून त्याची नवी आवृत्ति सर्वांस मोफत व मोकळी करून दिली. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, वापरणारानें त्यांत आपल्या मनाजोगी भर घालावी. ॲम्स्टरडॅम विद्यापीठांतील कार्स्टेन डॉमिनिक हे खगोलशास्त्रज्ञ याच साधनांत काम करीत. टिपणें व कामांच्या याद्या ठेवण्याची सोय त्यांस पुरेशी वाटेना. म्हणून २००३ सालीं त्यांनीं "ऑर्ग मोड" नांवाची पुरवणी लिहिली. २००७ सालीं ती मूळ ईमॅक्समध्येंच समाविष्ट झाली.

तिची रचना इतकी साधी आहे कीं प्रथम पाहणारास फसल्यासारखें वाटतें. ओळीच्या आरंभीं एक तारका घातली कीं तें मुख्य शीर्षक, दोन घातल्या कीं पोटशीर्षक. एक कळ दाबली कीं शीर्षकाखालचा मजकूर मिटतो, पुनः दाबली कीं उघडतो. छत्री मिटावी-उघडावी तसा. शीर्षकापुढें "करावयाचें" किंवा "झालें" असा शेरा घालतां येतो, तारीख घालतां येते, आणि मग निरनिराळ्या वह्यांतून विखुरलेलीं त्या तारखेचीं कामें साधन आपण होऊन एका पानावर गोळा करतें. उभ्या रेघा मारीत गेल्यास तक्ता होतो, आणि तक्त्यांतील बेरीज-वजाबाकीही तें करतें. हें सारें ज्या वहींत असतें ती वही म्हणजे नुसत्या अक्षरांची यादी. ऑर्ग मोड उद्यां नाहींशी झाली तरी तारका व शब्द तसेच राहतील आणि कोणत्याही संगणकावर वाचतां येतील. डॉमिनिक यांच्या युक्तीचें खरें मोल येथें आहे; मिटण्या-उघडण्याची गंमत ही वरची कल्हई.

"व्हिम" या दुसऱ्या जुन्या साधनालाही अशा पुरवण्या मिळाल्या. ब्राम मूलनार यांनीं १९९१ सालीं तें प्रसिद्ध केलें आणि २०२३ सालीं निधन होईपर्यंत सांभाळलें. त्याच्या "व्हिमविकी" या पुरवणींत एका टिपणांतील शब्दावरून दुसऱ्या टिपणाकडे जातां येतें. टिपणांस एकमेकांशीं गांठून ठेवण्याची ही कल्पना संगणकाच्या फार पूर्वींची आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लस लूमान यांनीं आयुष्यभरांत सुमारें ९०,००० चिठ्ठ्या लिहून लांकडी कपाटांत ठेविल्या होत्या. चिठ्ठीला त्यांनीं विषयाचें नांव न देतां क्रमांक दिला. क्रमांक एकदां दिला कीं कायमचा. मध्यें नवी चिठ्ठी घालावयाची झाल्यास मागच्या क्रमांकाला अक्षर जोडावयाचें. विषयांचीं नांवें बदललीं, मतें बदललीं, तरी चिठ्ठीचा पत्ता बदलत नसे. तगरच्या शोधांत जें अंतरानें साधलें तें येथें क्रमांकानें साधलें.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत याहून मोठा संसार आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकारानें १९४८ सालीं संस्कृत भाषेच्या ऐतिहासिक कोशाचें काम तेथें सुरू झालें. सुमारें दीड हजार ग्रंथ वाचून विद्वानांनीं शब्दाशब्दाची चिठ्ठी केली, आणि अशा सुमारें एक कोटि चिठ्ठ्या तेथील खणांत वर्णानुक्रमानें लागल्या. चिठ्ठीवर शब्द, तो आलेलें वाक्य आणि ग्रंथांतील स्थळ असे. कोशाचा पहिला भाग १९७६ सालीं निघाला. वर्णानुक्रम येथें शोभून दिसतो, कारण संस्कृत शब्दाचें रूप पाणिनीनें बांधून दिलेलें आहे; गांवांच्या नांवांस असा कोणी पाणिनि लाभला नाहीं.

२०१५ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें "व्हिज्युअल स्टुडिओ कोड" हें नवें साधन काढलें. तें मोफत असल्यानें व त्याला पुरवण्या जोडणें सोपें असल्यानें थोड्याच वर्षांत तें जगभर पसरलें. पुण्याच्या कचेऱ्यांतून आणि मराठवाड्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकणाऱ्या मुलांच्या संगणकांवरही तें दिसतें. २०२० सालीं, घरांत कोंडलेल्या जगाला टिपणें करण्यास अवसर मिळाला म्हणून कीं काय, या साधनासाठीं "फोम" व "डेंड्रॉन" या दोन पुरवण्या एकाच वर्षांत पुढें आल्या. ईमॅक्ससाठींही "ऑर्ग-रोम" त्याच सुमारास निघाली. एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसांत लिहिला कीं त्या नांवाच्या टिपणाशीं गांठ पडते. आणि या टिपणाकडे कोणकोणतीं टिपणें बोट दाखवितात त्यांची उलट यादीही मिळते. रुमाल सोडतांच आंतल्या कागदानें आपल्या सोयऱ्यांचीं नांवें सांगावीं, तसा हा प्रकार.

धाराशिवच्या एखाद्या अभ्यासकानें २०२० सालीं अशी वही मांडली असती, तर तींत "उस्मानाबाद" या नांवाचें एक टिपण आणि त्याकडे निर्देश करणारीं शेंदोनशें टिपणें झालीं असतीं. २०२३ सालीं गांवाचें नांव बदलल्यावर काय करावें? फोम किंवा डेंड्रॉनमध्यें मूळ टिपणाचें नांव बदललें कीं इतर टिपणांतील गांठीही पुरवणीच बदलून देते. हें सोयीचें खरें. पण साधनाबाहेरून, साध्या रीतीनें नांव बदललें तर गांठी तुटतात. ऑर्ग-रोमनें पुढच्या आवृत्तींत निराळी वाट धरली: प्रत्येक टिपणाला जन्मतःच एक लांबलचक खूण द्यावयाची आणि गांठ त्या खुणेशीं मारावयाची. नांव दहा वेळां बदलो. दिसावयास ती खूण ओंगळ, माणसाला वाचून कांहीं न कळणारी. आणि पुरवणी गेल्यावर गांठ सोडविणें त्यामुळें कठीण. लूमान यांचा क्रमांक निदान हातानें कपाटांत शोधतां येई. दोहोंपैकीं एक निवडावयाचें झाल्यास नांवाची गांठ बरी, कारण ती तुटली तरी वाचतां येते, आणि जुनें नांव टिपणांत लिहून ठेवण्यास कोणी हात धरलेला नाहीं. "धाराशिव, पूर्वीं उस्मानाबाद, इंग्रजी कागदांत धारासेव, धारासिन्व" एवढी एक ओळ कोणत्याही पुरवणीपेक्षां अधिक काम करील.

कारण पुरवण्या मरतात, आणि लौकर मरतात. "ॲटम" नांवाचें साधन २०१४ सालीं मोठ्या गाजावाजानें निघालें. डिसेंबर २०२२ मध्यें त्याच्या मालकांनीं तें बंद केलें. डेंड्रॉनच्या कर्त्यांनीं तर २०२३ सालींच पुढील वाढ थांबविल्याचें जाहीर केलें. तीन वर्षांचें आयुष्य! पण ज्यांनीं त्यांत टिपणें केलीं होतीं त्यांचें फारसें नुकसान झालें नाहीं. "मार्कडाउन" नांवाच्या साध्या खुणांच्या पद्धतीनें, जी जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं बसविली, तीं टिपणें लिहिलेलीं होतीं. फडताळ मोडलें, वह्या शाबूत राहिल्या.

मराठी घरांतील वह्यांचें नशीब इतकें चांगलें नव्हतें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं १९९० ते २००५ च्या सुमारास संगणकावर मराठींत कांहीं ना कांहीं लिहिलें गेलें असेल: वडिलांच्या आठवणी, कुळाचा वृत्तांत, एखादी स्मरणिका. त्या काळीं निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉण्ट असत, आणि त्यांतील बहुतेकांची रीत अशी कीं संगणकाच्या पोटांत इंग्रजी अक्षरेंच साठवावयाचीं व पडद्यावर मात्र त्यांना देवनागरीचें सोंग द्यावयाचें. फॉण्ट गेला कीं सोंग उतरलें. "आजोबा" या शब्दाच्या जागीं चिन्हांचा कचरा दिसूं लागला. भारतीय लिप्यांसाठीं सरकारी प्रमाण १९९१ सालीं ठरलें होतें, युनिकोडची पहिली आवृत्तिही त्याच सालची, आणि पुण्याचें सी-डॅक तर १९८८ पासून या विषयांत काम करीत होतें. मार्ग ठाऊक असूनही छपाईच्या व्यवहारांत दहा-पंधरा वर्षें आडवाटेनेंच गेलीं. त्या काळांत लिहिलेलीं घरगुती टिपणें आज उलगडून घ्यावयाचीं तर कोणता फॉण्ट होता हें ठाऊक असणारा मनुष्य घरांत असावा लागतो. कारकून गेला, रुमाल मुका, तीच गत.

युनिकोडनें हा मोठा रोग बरा केला, तरी कोड एडिटरांत मराठी टिपण लिहिणाराला लहानसहान दुखणीं राहिलींच. हीं साधनें इंग्रजी अक्षरांसाठीं जन्मलीं. प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचें एक घर, अशी त्यांची मूळ समजूत. "र्‍हस्व" किंवा "स्त्री" या शब्दाला किती घरें द्यावींत? वेलांटी, उकार, जोडाक्षर यांनीं घरांच्या भिंती ओलांडल्या कीं पडद्यावरची काडी भलत्याच जागीं उभी राहते, आणि ऑर्ग मोडमधील तक्त्याच्या उभ्या रेघा वेड्यावांकड्या होतात. ईमॅक्समध्यें देवनागरी लिहिण्याची सोय मुळांतच दिलेली आहे. अडचण लिहिण्यापेक्षां मांडणींत आणि शोधण्यांत आहे.

शोधण्याची अडचण अधिक खोल आहे. "ॲ" हें अक्षर मराठीला रोज लागतें. बँक, कॅरम यांतील चंद्र व्यंजनावर बसतो, पण "ॲड", "ॲसिड" यांना स्वतंत्र अक्षर हवें. युनिकोडमध्यें तें २००८ सालीं आलें. त्यापूर्वीं लोक "अ" लिहून त्यावर चंद्र निराळा बसवीत, आणि कित्येक अजूनही तसेंच करतात. डोळ्यांस दोन्ही बहुतेक सारखीं दिसतात. यंत्राला तीं दोन भिन्न अक्षरें. एका रीतीनें लिहिलेलें टिपण दुसऱ्या रीतीनें शोधल्यास सांपडत नाहीं. "वाऱ्यावर", "दऱ्या" यांतील मराठीचा खास अर्धा र तर निरनिराळ्या कळफलकांवरून निरनिराळ्या रीतीनें उमटतो. तगर आणि तेर यांच्यांत निदान हजार वर्षांचें अंतर होतें. येथें एकाच मनुष्याच्या सकाळच्या व सायंकाळच्या टिपणांत, केवळ घरचा आणि कचेरीचा कळफलक निराळा म्हणून, तेवढी दरी पडूं शकते. पुरवण्या लिहिणारांपैकीं ज्यांनीं आपल्या शोधयंत्राला हीं जुळीं रूपें एक मानण्यास शिकविलें, त्यांनींच मराठी टिपणकाराची खरी सोय केली. पुष्कळांनीं हा प्रश्न असल्याचेंही लक्षांत घेतलेलें नाहीं, आणि तो मराठी लिहिणारानें त्यांच्यापुढें मांडल्याखेरीज तो त्यांच्या लक्षांत येण्याचें कारणही नाहीं.

आज्ञावलींच्या जगांत जोडावरच्या शिक्क्याला मात्र उत्तम पर्याय निघाला. २००५ सालीं लिनस टॉर्वाल्ड्स यांनीं "गिट" नांवाची व्यवस्था रचली. वहींत केव्हां, कोणी, काय बदललें याची नोंद तींत राहते, आणि प्रत्येक नोंदींत मागच्या नोंदीची खूण गुंफलेली असल्यानें मधला तुकडा चोरून बदलतां येत नाहीं. टिपणें साध्या अक्षरांत असल्यामुळें आज्ञांप्रमाणेंच तींही या व्यवस्थेंत ठेवितां येतात. मोर्तब करणाऱ्या कारकुनांस ही युक्ति समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता.

मोडी लिपीलाही २०१४ सालीं युनिकोडमध्यें जागा मिळाली. धाराशिव जिल्ह्यांतील जुनीं मोडी कागदपत्रें, मराठवाड्यांतील इतर जिल्ह्यांप्रमाणेंच, अलीकडच्या वर्षांत नोंदी शोधण्याच्या निमित्तानें पुनः बाहेर निघालीं, आणि मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. कागदाचें छायाचित्र घेणें सोपें. त्यांतील अक्षरें शोधतां येतील अशा रूपांत आणावयाचीं, तर तीं कोणीतरी वाचून, गांवाचें तेव्हांचें नांव आणि आतांचें नांव दोन्ही शेजारीं मांडून, हातानें उतरून घ्यावीं लागतात. पेरिप्लसची दहाव्या शतकांतील हस्तलिखित प्रत जर्मनींत हायडेलबर्ग येथें आहे. बाझेल शहरीं १५३३ सालीं ती प्रथम छापली गेली, आणि तेथून फ्लीट यांच्या मेजापर्यंत येण्यास तिला आणखी ३६८ वर्षें लागलीं.